शिवेवरचा वर्ग

एम.ए.च्या वर्गात स्थानिक इतिहासाचा पहिला तास असला की मुलांना एक पान लिहायला सांगावं: ‘माझ्या गावाचा इतिहास’. वर्गात पंचवीस गावं असतात, पानं मात्र तीनच निघतात. एका पानात शिवाजी महाराज मोहिमेवर जाताना गावात मुक्कामाला होते. दुसऱ्यात गावाबाहेरचं हेमाडपंती देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला आणि कळस तेवढा राहून गेला. तिसऱ्यात गावाचं नाव कशावरून पडलं याची गोष्ट असते आणि तीत बहुतेक वेळा एखादा ऋषी, राक्षस नाहीतर हरवलेली गाय असते.

हसू नये. ही पानं मी जपून ठेवतो, कारण वर्षाअखेरीला ती त्याच मुलांच्या हातात परत द्यायची असतात. पांडवांनी देऊळ बांधलं नाही हे सांगायला एम.ए. कशाला हवं? विचारायचं ते त्याच्या पुढचं. देऊळ यादवांच्या काळातलं, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकातलं असेल, तर ते कुणी बांधलं आणि त्याच्या दिवाबत्तीला कुणी जमीन लावून दिली हे गावाला एके काळी ठाऊक असणारच. मग ते केव्हा विसरलं गेलं? जुनी वस्ती उठून नवी माणसं येऊन बसली का? पूजा दुसऱ्या घराण्याकडे गेली का? गावाने विस्मरणाच्या खड्ड्यावर पांडवांची फळी टाकून ठेवलेली असते. ती उचलून खाली वाकून पाहायचं, एवढ्यासाठी हा विषय आहे.

स्थानिक इतिहासाबद्दल एक गैरसमज विद्यापीठांतही मुरलेला आहे. देशाचा इतिहास मोठा, राज्याचा मधला, गावाचा लहान, असा तो उतरंडीचा हिशेब. त्यामुळे ‘१८५७ आणि आमचा तालुका’, ‘१९४२ आणि आमचा जिल्हा’ अशा धाटणीचे प्रबंध होत राहतात. त्यांत प्रश्न बाहेरून ठरून आलेला असतो, गावाने फक्त उदाहरणं पुरवायची. गावाचे स्वतःचे प्रश्न निराळेच असतात. गाव नदीच्या याच अंगाला का बसलं? पांढरी, म्हणजे घरांची जागा, केव्हा हलली? काळीतली, म्हणजे शेतीतली, चांगली जमीन कुणाकडे होती आणि आता कुणाकडे आहे? कोण गाव सोडून गेलं? या प्रश्नांना राजांच्या सनावळीत उत्तर नाही.

इंग्लंडमध्ये हा विषय विद्यापीठात स्वतंत्र विभाग म्हणून उभा राहिला तो १९४८ मध्ये, लेस्टरला. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स हे त्याचे पहिले प्रमुख. शेताची कुंपणं, बांधांची वळणं, मोडक्या वाड्यांच्या जागा हीसुद्धा कागदपत्रंच आहेत आणि ती पायांनी वाचायची असतात, असं धरून चालणारा हा माणूस. लेस्टरजवळच्या विग्स्टन नावाच्या एका गावावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं, ते १९५७ मध्ये आलं. त्यांच्यानंतरचे एच. पी. आर. फिनबर्ग यांनी विषयाची व्याख्या केली ती अशी की, एखाद्या स्थानिक समाजाचा उगम, वाढ, ऱ्हास आणि अस्त मांडणं हे स्थानिक इतिहासकाराचं काम. व्याख्या देखणी आहे. पण आपल्याकडे ती तशीच उचलली की अडते. इंग्लंडच्या गावाला चर्चमधली जन्म-लग्न-मरणाची नोंद १५३८ पासून मिळू शकते. आपल्याकडे तशी वही नाही. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या आहेत, त्यांत कोणत्या गावचं कोण यात्रेला आलं आणि त्याचा बाप-आजा कोण हे लिहिलेलं असतं. घराणं सापडतं, गाव सापडत नाही. शिवाय ज्यांना यात्रा परवडली तेवढेच त्या वहीत.

आपल्या इतिहासाचं काम सुरू झालं तेही विद्यापीठाबाहेर. वि. का. राजवाडे वाईच्या दप्तरातल्या पानिपतकाळातल्या पत्रांचा पहिला खंड घेऊन आले ते १८९८ मध्ये. पुढे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवर चढून, कधी विनवणी करून तर कधी भांडून त्यांनी कागद गोळा केले. विद्यापीठाच्या नोकरीत ते कधीच नव्हते. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, राजवाड्यांच्या मृत्यूनंतर धुळ्यात त्यांच्या नावाचं मंडळ उभं राहिलं. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, फिरस्ते यांच्या देण्याघेण्याचं एवढं बारीक वर्णन त्याआधी मराठीत झालं नव्हतं. पुणे विद्यापीठ निघायला अजून तीस-पस्तीस वर्षं अवकाश होता. तेव्हा एम.ए.च्या वर्गात ‘स्थानिक इतिहास ही पाश्चात्त्य शाखा’ असं शिकवणाऱ्या नोट्स पाहिल्या की वाईट वाटतं. शाखा आपल्याच अंगणातली आहे, विद्यापीठाने ती उशिरा पाहिली इतकंच.

वर्गात शिकवायला मी एकच गाव घेतो: पिंपळे सौदागर.

आज हे नाव उच्चारलं की डोळ्यांसमोर काय येतं? पिंपरी-चिंचवडमधले उंच टॉवर, हिंजवडीला जाणाऱ्या गाड्यांची रांग, मॉल. वर्गातला एखादा मुलगा तिथेच भाड्याने राहत असतो. पवनाकाठच्या या गावावर हॅरोल्ड मान यांनी ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हे पुस्तक १९१७ मध्ये प्रसिद्ध केलं. मान पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. त्यांना शेतकऱ्याचं कर्ज आणि जमीन समजून घ्यायची होती. मग त्यांनी जुनी कागदपत्रं काढून मागे किती जाता येतं ते पाहिलं आणि एक आकडेवारी मांडली, ती अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शंभर वर्षं फिरते आहे. १७७१ मध्ये एका खात्याची सरासरी जमीन ४० एकर. १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हा, साडेसतरा. १८२० ते १८४० या काळात १४. आणि १९१४-१५ मध्ये ७.

बी.ए.ला हे आकडे फळ्यावर लिहून ‘जमिनीचे तुकडीकरण’ असं शीर्षक दिलं की तास संपतो. एम.ए.चा तास तिथून सुरू होतो.

पहिला प्रश्न मी मुलांवरच सोडतो: १७७१ मध्ये एकर कुठून आला? पेशव्यांच्या काळात जमीन बिघ्यांत आणि चावरांत मोजत. १२० बिघ्यांचा एक चावर हे पुस्तकी माप, प्रत्यक्षात काठी गावागणिक लांब-आखूड. तेव्हा हे ४० एकर कुणीतरी रूपांतर करून काढलेले आहेत. कोणत्या काठीने? दुसरा प्रश्न: खातं म्हणजे कोण? कागदावर एका वडीलधाऱ्याचं नाव असेल आणि जमीन चार भाऊ मिळून करत असतील तर चाळीस एकर एका घराचे की चार घरांचे? मिरासदाराचं, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेल्याचं, नाव कागदावर येतं. त्याच्या शेतात राबणाऱ्या उपऱ्याचं येतंच असं नाही. तिसरा प्रश्न १८१८ नंतरचा. इंग्रजांनी मोजणी केली, प्रिंगल यांची पहिली व्यवस्था फसली, मग १८३६ च्या सुमारास इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी व्यवस्था सुरू झाली आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक मिळून खातेदार सरकारला थेट बांधला गेला. मग घट खरीखुरी किती आणि मोजण्याची पद्धत बदलली म्हणून दिसणारी किती?

तासाच्या शेवटी मुलं गोंधळलेली असतात. आकडे खोटे आहेत का, असं विचारतात. नाहीत. मान यांनी जे केलं ते त्या काळात धाडसाचं होतं आणि जमीन तुटत गेली हा त्यांचा मुख्य निष्कर्ष मलाही पटतो. पण त्या चार आकड्यांमध्ये चार वेगवेगळे लिहिणारे बसले आहेत, हे ज्याला दिसलं तो या विषयाचा विद्यार्थी झाला. पुढच्या रविवारी आम्ही पिंपळे सौदागरला जातो. टॉवरांच्या मधून फिरताना जुनं गावठाण कुठे संपत होतं हे रस्त्याच्या रुंदीवरून ओळखायचं, देवळाच्या पारावर बसलेल्या आजोबांना त्यांची जमीन कुठे होती ते विचारायचं. ते बहुतेक वेळा एखाद्या सोसायटीच्या गेटकडे बोट दाखवतात.

या वाटेवरचा मोठा अडथळा मोडी लिपीचा. पुण्याच्या पुरालेखागारातल्या पेशवे दप्तरात काही कोटी कागद आहेत. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडून ४५ खंड छापले, तो त्या साठ्याचा अगदी थोडा भाग. आणि जे छापलं गेलं त्यात मुख्यतः राजकारण. गावाचा हिशेब, पाणी, बांध, बलुतं, भांडणं हे सगळं अजून रुमालांत बांधलेलं आहे आणि ते मोडीत आहे. मराठ्यांच्या काळावर एम.ए. करायला मोडी यावीच लागते असं नाही, ही मला या शिक्षणातली लाजिरवाणी गोष्ट वाटते. हिरोशी फुकाझावांसारखे जपानी अभ्यासक मराठी शिकून आपल्या गावगाड्याचे कागद वाचून गेले, आणि साताऱ्याचा मुलगा सातारच्या कागदापुढे अडाणी.

मोडी तशी अवघड नाही. आधी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची, हात शक्यतो उचलायचा नाही. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नाही. त्रास देतात ते संक्षेप: रा॥ म्हणजे राजश्री, प॥ म्हणजे परगणे, त॥ म्हणजे तर्फ. आणि त्याहून तारीख. ‘खमस सबैन अलफ’ असं सन लिहिलेलं असतं. अरबी शब्द आहेत ते: खमस पाच, सबैन सत्तर, अलफ हजार. झालं १०७५. हा सुहूर सन, मृगापासून सुरू होणारा. जूनपासून डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरची असेल तर ६००. १६७४-७५ आलं, म्हणजे शिवराज्याभिषेकाचं वर्ष. वर्ष सौर, पण पुढे ‘छ १२ मोहरम’ लिहिलंय ती चंद्राची तारीख. हे गणित पहिल्यांदा सुटतं तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो कोणत्याही सिद्धान्ताच्या तासाला मी पाहिलेला नाही.

मोडी जुळली की मी महजर वाचायला देतो. महजर म्हणजे गोतसभेपुढे झालेल्या निवाड्याचा कागद. बहुधा पाटीलकी कुणाची किंवा शीव, म्हणजे गावाची हद्द, कुठून, असं भांडण. सुरुवातीला हजर असलेल्यांची नावं: देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील, शेटे, महाजन, बलुतेदार. मग वादीचा करीना, म्हणजे त्याच्या बाजूची हकीकत, मग प्रतिवादीचा. कागद पुरेनात तर दिव्य: तापल्या तेलातून रवा काढायचा, हात बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी सोडून पाहायचा. शेवटी निशाण्या. पाटलाची नांगराची, बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या. एका कागदात गावाची अर्धी अधिक रचना येऊन बसते. शिवेच्या भांडणात महाराच्या साक्षीला केवढं वजन होतं हे तिथेच कळतं. शीव त्याला ठाऊक असते कारण रखवालदारीचं आणि सांगाव्याचं काम त्याच्याच अंगावर टाकलेलं असतं. त्याची साक्ष निवाड्याला हवी, त्याचं घर मात्र गावकुसाबाहेर. ही विसंगती मी सांगत नाही, कागद वाचून मुलांनीच सांगावी म्हणून थांबतो. कुणीतरी सांगतंच.

मोडीची गरज अलीकडे सरकारलाही भासली. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतून मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुकं यांना एकदम भाव आला. माझा मुद्दा आरक्षणाचा नाही. त्या रकान्यात जात कुणी लिहिली, सांगणाऱ्याच्या तोंडून आली की लिहिणाऱ्याच्या सोयीने पडली, हा प्रश्न एम.ए.च्या वर्गाने विचारायचा असतो. कचेरीला त्यासाठी वेळ नसतो.

प्रादेशिक इतिहास म्हणजे अशा गावांची बेरीज, असं मात्र समजू नये. प्रदेश बदलला की कागद बदलतो, भाषा बदलते, एकाच शब्दाचा अर्थ बदलतो. देशावर रयतवारी, कोकणात खोती, नागपूरकडे मालगुजारी. देशावरच्या पाटलाला नजरेसमोर ठेवून कोकणातलं गाव वाचायला गेलात तर खोत समजणारच नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे तिथल्या दप्तराला आधी फारसी, नंतर उर्दू. परभणी-बीडच्या मुलाने उर्दू शिकावी असं सुचवलं की पालक बिचकतात, पण त्याच्या पणजोबांच्या जमिनीची कैफियत त्याच लिपीत आहे. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं, म्हणजे तेलंगणाशीही नातं आणि नागपूरशीही. गोव्यात तर वेगळाच खजिना. तिथलं अभिलेखागार १५९५ चं, आणि गावकरीच्या, म्हणजे कोमुनिदादींच्या, चालीरीतींची पोर्तुगीज नोंद १५२६ ची. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास वर काढला तो तिथे बसून. १ मे १९६० ला जन्मलेल्या राज्याची आजची हद्द मागच्या शतकांवर अंथरून ‘महाराष्ट्राचा प्रादेशिक इतिहास’ असा पेपर काढणं सोपं आहे. प्रत्येक मुलाने निदान दोन प्रदेशांतलं एकेक गाव शेजारी ठेवून वाचावं, असा माझा आग्रह असतो. अभ्यासक्रम समितीला तो फारसा रुचत नाही.

दगडांबद्दल थोडक्यात. वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ गावोगाव पडलेले आहेत, बरेचसे शेंदूर लावून देव झालेले. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख घ्या. शं. गो. तुळपुळ्यांनी तो शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा वाचला, म्हणून तो मराठीतला सर्वांत जुना लेख ठरतो. पण त्या शकाच्या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. वर्गात मी ठसा दाखवतो आणि आकडे वाचायला सांगतो. दहा मुलं, चार उत्तरं. ‘पहिला’, ‘सर्वांत जुना’ हे शब्द लिहिताना त्यानंतर त्यांचा हात थोडा थबकतो.

आणि जे कागदावरही नाही, दगडावरही नाही, ते माणसांच्या तोंडी आहे. बहात्तरच्या दुष्काळावर आजीशी बोलून या, असं सांगितलं की मुली जास्त चांगलं काम करतात. खडी फोडायला कोण कुठे गेलं, मिलोची भाकरी कशी लागायची, सुकडी घरी आणता यायची का तिथेच खावी लागायची, कामावर कुणाची पोरं कुठे झोपवायची. सरकारी अहवालात त्या वर्षाची मजूरसंख्या मिळते, झोळी कुणाच्या नजरेखाली बांधली होती ते मिळत नाही. मात्र आजीचं बोलणंही कागदासारखंच तपासायचं. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यातले सगळे दुष्काळ बहात्तरच्या खात्यावर जमा केलेले असतात. विहीर केव्हा खणली, थोरल्याचं लग्न केव्हा झालं असे शेजारचे प्रश्न विचारत गेलं की वर्षं हळूहळू सुटी होतात.

या सगळ्यात सर्वांत अवघड काय, असं कुणी विचारलं तर मी मोडी म्हणणार नाही. अवघड आहे ते गावावरचं प्रेम. एका विद्यार्थ्याने स्वतःच्याच गावावर लघुप्रबंध घेतला. कागदांत त्याला दिसलं की ज्या पाटीलकीचा त्याच्या घराला अभिमान, ती अठराव्या शतकातल्या एका निवाड्यात बनावट कागदाच्या आधारे मिळाल्याचा आरोप झालेला होता. तो मला म्हणाला, सर, हे प्रकरण गाळलं तर चालेल का? चुलते वाचतील. मी नाही म्हटलं. पण त्याला असंही सांगितलं की आरोप झाला एवढंच कागद सांगतो, आरोप खरा होता असं नाही, तेव्हा जेवढं आहे तेवढंच लिही. त्याने तसं लिहिलं. चुलत्यांनी वर्षभर अबोला धरला म्हणे.

गावची यात्रा आली की स्मरणिका निघते, तीत इतिहासाची दोन पानं असतात आणि ती अशाच मुलांकडून लिहून घेतात. तिथे निशाण्या, बनावट कागद, गावकुसाबाहेरची घरं यांना जागा नसते. मुलं दोन्हीकडे लिहितात, स्मरणिकेत एक आणि प्रबंधात एक. मी त्यांना दोष देत नाही, गावात राहायचं त्यांना आहे.

पण सहीचा अधिकार माझ्याकडे असतो. प्रबंधावर सही करण्याआधी पहिल्या दिवशीचं ते पान मी मुलाच्या हातात परत देतो आणि एकच प्रश्न विचारतो: तुझ्या प्रबंधातलं कोणतं वाक्य चावडीवर उभं राहून मोठ्याने वाचायला तुला जड जाईल? ज्याला असं एकही वाक्य दाखवता येत नाही, त्याचा प्रबंध मी सही न करता परत देतो.